पुतळ्यांना औषध

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस. रात्रीचे पावणेदोन.
खिडकी लावलीय, तरी एमआयडीसीचा वास आत आलाच.
हेडफोनचा डावा कान चिकटपट्टीने बांधलेला.

आज चौथा दिवस, पुतळ्यांना औषध देतेय.
ते आपणहून जखमी होत नाहीत.
मीच आधी गोळी घालते,
मग धावत जाऊन बरं करते.
पप्पांना सांगितलं तर म्हणाले,
"म्हणजे आपला नगरसेवक,"
आणि कूस बदलून झोपले.

दोन वर्षं मी छपरावरची.
दुर्बिणीत एक डोकं, एक रोखलेला श्वास,
विषय संपला.
मग तन्वीरला पुण्यात नोकरी लागली
आणि टीममध्ये बरं करणारं कुणी उरलं नाही.
"तू घे ना," केयूर म्हणाला,
जेवणं झाल्यावर ताटं कोण उचलणार
असं विचारतात, त्या आवाजात.

ही बाई जड आहे.
उडी आखूड, बंदूक नावापुरती,
बोटं अजून जुन्याच बटणांवर जातात.

काल जुन्या मॅचेस पुन्हा बघितल्या.
सुजय मढवी मरायच्या आधी
बोलायचा थांबतो.
दरवेळी. तीनेक सेकंद.
तेव्हा मी छपरावर होते,
मला वाटायचं, नेटच गेलं.

उद्या साडेनऊला रँक्ड.
आता गोळी न घालताच
पुतळ्यांमधून एक फेरी मारते, नुसती मोजत.
चार पाठी.
पाचवी माझी, ती मला दिसत नाही.
तिच्याकडे कोण बघणार,
हे उद्या सुरू व्हायच्या आत
विचारून घ्यायला हवं.