पक्कं बिल

कच्चं घेतलं तं किलोमागं दोन रुपये कमी,
म्हणून अचलपूरहून पत्रा
बिनबिलाचाच यायचा. चार उन्हाळे.

औंदा आश्रमशाळेले वीस कूलर गेले, पक्क्या बिलावर.
कर भरला, पुरा.
सून वही चाळत बसली. मंग हळूच म्हणे,
"मामाजी, पत्र्यावरचा कर यातून वजा होते.
पण कागद कुठं हाये?"

मी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारला.
समोर कूलर चालू. वरचं पाणी
वाळ्यातून झिरपून टाकीत,
पंप तेच पुन्हा वर चढवे.

म्हणजे आपल्याच टाकीले भोक होतं.

आता सेठ विचारते, "बुरडे, कच्चंच नं?"
"पक्कं."
आन् दर बारा तारखेले फोन लावतो,
"रिटर्न भरलं का सेठ?
माह्यं पाणी तुमच्याकडं अडून हाये."