भाग्येशने यादी मागितली तेव्हा

दहा नावं द्या काका, म्हणालास.
हप्त्यावर टर्नटेबल घेतलंय,
आता कपाटात हवंच असं काय ते सांगा.

नावं मला नीट येत नाहीत रे.
जॅझ हा शब्द मी पाकिटावर वाचला,
तेही पाकीट अर्धं फाटलेलं.
देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या एका सॅनिटोरियमचं
सामान निघालं होतं विकायला:
लोखंडी खाटा, पीकदाण्या, आणि दोन खोकी तबकड्या.
जेरूबाई म्हणाल्या, घेऊन जा,
माझा भाऊ ऐकत होता, आता कोन ऐकनार.
किलोवर घेतल्या. सायकल ढकलत जेल रोडला आणल्या.

पहिल्या रात्री वाटलं, यंत्र बिघडलंय.
एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये काढलेला कान हा,
मशीनचा ठेका चुकला की आधी पोटात कळायचं.
पण इथे ठेका चुकत नव्हता,
रेंगाळत होता,
बुधवारच्या बाजारात काही न घेता
भाव विचारत फिरणाऱ्या माणसासारखा.

तर एक ट्रंपेटची घे.
पण अशा माणसाची, जो कमी वाजवतो.
दोन सुरांत जागा एवढी
की द्वारका चौकातला सिग्नल मध्ये दोनदा पडावा.

मग तिघांची. पियानो, ड्रम, बास.
तू बासकडे लक्ष ठेव.
तांबट आळीत सगळे ठोकत असतात
आणि एक म्हातारा हंड्याला कान लावून बसतो,
तो हा.

बाईची एक हवी. तरुणपणची नको.
आवाज गेल्यानंतरची घे.
शब्द नाही कळले तरी चालतं,
उरलंय तेवढ्यात ती गाणं भागवते,
माझी आई सत्तावीस तारखेला
स्वयंपाक भागवायची तसं.

सॅक्सोफोनची जपून.
एक आहे, ती देवाला हाका मारते.
सात वर्षं मला पुरी ऐकवली नाही.
रविवारी सकाळी लावू नकोस,
शेजारचे विचारायला येतात, कुणाला बरं नाही का.

पाचवी. की सहावी?
मोजणं सोडलंय मी,
निवृत्तीतलं पहिलं सुख तेच.
प्रेसमध्ये कागद मोजून आत, मोजून बाहेर,
शाई केसभर सरकली की बाद,
भोक पाड, नोंद कर, भट्टीत घाल.

आणि ही एक तबकडी,
कुठल्याशा हॉटेलात वाजवलेली.
ग्लास किणकिणतात, कुणी खोकतं,
आणि पियानोवाल्याचं बोट
शेजारच्या पट्टीवर पडतं.
स्वच्छ ऐकू येतं, पडलेलं.
मी उठून बसलो. म्हटलं, गेला हा, आता बाद करतील.

त्यानं तीच चूक परत वाजवली.
मुद्दाम.
मग ड्रमवाला तिच्यामागे गेला, मग बास,
आणि चार मिनिटांत सगळे
तिच्याच घरी पंगतीला बसलेले.

मला दगू पगारे आठवला.
एका सरकलेल्या गड्डीपायी सहा महिने घरी बसवला होता त्याला.
परत आला, तर काम तसंच चोख,
फक्त मशीनबरोबर शिट्टी वाजवायचा ती बंद.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.
शेजारच्याच मशीनवर होतो.

तेवढी एक हवीच, भाग्येश.
बाकी नऊ तू कुठूनही गोळा करशील.
तिचं पाकीट कसरीनं खाल्लं,
मधल्या कागदावर शाईचा डाग आहे, नावाच्या नेमका वर.
येऊन ऐकून जा, मग शोधत बस.

सुई नवी आण, माझी झिजलीय.
आणि येताना कोपऱ्यावरून पाव किलो चिवडा,
तिखटातला.
कांदा आहे घरात.