वाटेचं माप

मारियाकानीच्या वजनकाट्याअलीकडे
रांग सुरू होते, आणि कुठे संपते
ते रांगेतल्या कुणालाच दिसत नाही.
मोंबासाहून निघालेली वाट
इथे चालायची नसते, पाहायची असते.

मला ती मोजायची होती.
हातात टॅब्लेट, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र,
छत्तीस प्रश्न, त्यातला एकोणिसावा:
बंदराच्या फाटकापासून इथवर यायला किती वेळ लागला?

मुस्योका म्हणाला, लिही, दोन दिवस.
त्याच्या मागचा म्हणाला, चार तास,
आणि घरून निघालो तेव्हा पोरीला ताप होता, तेही लिही.
तिसरा इंजिन चालू ठेवून झोपला होता
पंख्यासाठी.
वारा नव्हता. धूर सरळ वर जात होता,
आणि माझ्या यंत्रावर कणांचा आकडा
त्या पोरीच्या तापासारखा चढत होता.

तीन आठवड्यांत हाती आलं ते
अंदाज, थापा,
आणि एका माणसाची अख्खी कर्मकहाणी.

मग काद्झोने वही दाखवली.
काद्झो, चहावाली: दोन किटल्या, एक बाक,
वर ताणलेली जुनी ताडपत्री,
तिच्यावर कुठल्याशा जहाज कंपनीचं अर्धं नाव.
वही उधारीची. ट्रकचा नंबर, त्यापुढे उभ्या रेघा.
एक रेघ म्हणजे एक कप. पाचवी आडवी.
"दर तीन तासांनी माणूस चहा मागतो," ती म्हणाली,
"झोपला असला तर चार.
नवीन लग्न झालेला दोनातच,
त्याला फोनवर बोलून घसा सुकतो."

अकरा वर्षांच्या वह्या.
तेलकट, कडा वाळवीने खाल्लेल्या.
एक वर्ष पुरात वाहून गेलं,
ते ती थकबाकीसकट तोंडपाठ सांगते.

मी रेघांचे तास केले.
धक्क्यावरच्या क्रेन बंद पडल्या तो आठवडा
पानाबाहेर, पुठ्ठ्यावर गेला होता.
संपाचे दिवस कोरे.
एका नंबरापुढे एकवीस रेघा, आणि शेवटी एक गोल.
"हा?"
"हा परत आला नाही."
हिशोब तिने बंद केला नव्हता.
सॉफ्टवेअरने विचारलं, ही नोंद गाळायची की ठेवायची?
ठेवली.

अहवालाचं चौथं प्रकरण मालगाडीचं.
कंटेनर धक्क्यावरूनच रुळांवर चढतील,
डिझेल इतकं कमी, कार्बन तितका कमी,
थांबणं एकोणीस तासांवरून तीनवर.
मंत्रालयाच्या गार खोलीत
खाली उतरत जाणारा तो आलेख सगळ्यांना आवडला.
मलाही. खोटं कशाला बोलू?
त्या धुरात मी तीन आठवडे खोकले होते,
काद्झो अकरा वर्षं.
फक्त आता ती रेघ मला
दोन तऱ्हांनी वाचता येत होती:
सहा कपांवरून एकावर.

अहवालाची प्रत घेऊन परत गेले.
तिने आलेख उलटा धरला, मग सुलटा,
बराच वेळ बोट फिरवलं त्याच्या उतारावरून.
"चांगलं आहे," म्हणाली.
"पोरं रात्री खोकणार नाहीत."
मग किटली उतरवता उतरवता,
"गाडी इथे कुठे थांबेल म्हणालीस?"

इथे नाही, मी म्हटलं.
थेट आतल्या बंदरापर्यंत. कोरडं बंदर म्हणतात त्याला.

"कोरडं?"
ती हसली, कधी नव्हे ती मोठ्याने,
रांगेतल्या दोघातिघांनी खिडकीतून माना काढल्या.
"पाणीच नसलेलं बंदर!
मग तिथे माणसांना तहान फार लागत असेल."

माझा कप संपला होता.
पैसे काढेपर्यंत तिने वही ओढली,
नंबरांच्या खाली, रिकाम्या ओळीत,
नाव न विचारता
एक उभी रेघ मारली.