डावा बोल्ट

नवी घेतली तर साडेचार लाख,
वर कस्टम, वर आठ महिने वाट,
वर दुकानदाराचं तुटक वाक्य:
डावखुऱ्यांची ऑर्डर परत घेत नाही, मॅडम.
आणि खोकं उघडलं त्याच दुपारी
तिसरा हिस्सा किंमत वाऱ्यावर जाते.
हे मला कुणी शिकवायला नको,
पतपेढीत बसून गहाण सोन्याची घट
मी रोज लिहिते.

म्हणून फोंड्याहून दोन बस बदलून कुडतरीला.
एवारिस्त मिनेझिस बाल्कांवात उभा,
सत्तरीचा, पँटला कडक इस्त्री.
डाव्या डोळ्यात मधोमध डाग पडलाय म्हणाला,
बरोबर टार्गेट असतं तिथंच.
बाकी सगळं दिसतं. शेत, बगळे, तू.

कपाटात चाळीसचा बल्ब जळत होता.
जूनमध्ये लावायचा, दसऱ्याला काढायचा,
नाहीतर आमच्या हवेत, बाय,
लोखंडालासुद्धा बुरशी धरते.

रायफलीआधी त्याने वही दिली.
एकोणीस हजार दोनशे चाळीस गोळ्या,
तारीखवार, लॉटवार,
वारा कुठून, मन कसं.
मध्येच: बल्ब बदलला.
मध्येच: आई गेली. गोळ्या शून्य.
दुसऱ्या दिवशी: साठ.

पॉइंट टू टूचं शिसं मऊ, नळी खात नाही,
एकोणीस हजार म्हणजे अजून शाळेत आहे ती, म्हणाला.
मग मी न विचारता
दस्त्यावरचा उडालेला कपचा दाखवला,
मडगाव स्टेशन, हमालाची घाई,
आणि स्वतःच पाच हजार उतरवले.

तीन वर्षांत चार जण आले.
बोल्ट बघून गेले.
एकाने विचारलं, बाजू बदलून मिळेल का?
हे सांगताना तो हसला नाही.
उजवी असती तर अडीच लाख, तोच म्हणाला.
ही एक पंचेचाळीस.

नळीतून उजेडाकडे पाहिलं.
पीळ स्वच्छ, विहिरीच्या कड्यांसारखा आत आत जाणारा.
मग त्याच्या जुन्या चटईवर पालथी पडले.

क्लबची रायफल उजवी.
साठ गोळ्यांना साठ वेळा
हात वरून पलीकडे न्यायचा,
कोपर उचकटायचं, गाल सुटायचा,
पुन्हा पहिल्यापासून श्वास जुळवायचा.
नेमबाजी अशीच असते, मला वाटायचं,
जसं प्रसाद घेताना
आपोआप उजवा पुढे होतो,
आणि बोटांच्या पेरांवर
गुरुजींची फूटपट्टी अजून कधीतरी दुखते.

इथे हात मागे घेतला
आणि बोल्ट तिथंच होता.

बसमध्ये घोकलेलं "एक वीस"
घशात राहिलं.
एक पंचेचाळीस, मी म्हटलं.
बल्ब होल्डरसकट घेऊन जा, तो म्हणाला.
फुकट नव्हे. बल्बाचे चाळीस रुपये.
आणि ते मोजून घेतले.

रायफल मात्र त्याच्याच कपाटात.
परवान्यावर नोंद, पणजीचा शिक्का,
दोन महिने तरी.
तोवर तिथे दुसरा बल्ब लावेन म्हणाला.

बाबांनी जेवताना विचारलंच:
उद्या विकायची झाली तर घेणार कोण?
खरंय. बाजारात दहात एक डावखुरा,
त्यात नेम धरणारा, त्यात परवानेवाला,
त्यात पैसे असलेला.
हिशेब करून बघितला, फार वाईट येतो.
थांबावं लागेल, म्हटलं.
आत्ता कुठल्यातरी बालवाडीत
एखादी पोर डाव्या हाताने ग गिरवत असेल,
आणि तिला कुणी मारत नसेल.
बाबा म्हणाले, आमटी वाढ.

रात्री वही उघडली.
त्याच्या शेवटच्या ओळीखाली
माझ्या तिरक्या, शाई पुसत जाणाऱ्या अक्षरात
तारीख घातली.
वारा: पंख्याचा.
गोळ्या: शून्य.