पिळायचं नाही

रविवारी शर्यत असली की शुक्रवारी रात्री
पार्किंगमध्ये, सात नंबरच्या खांबापाशी
मी पाट टाकून बसतो.
सेक्रेटरी देवस्थळी जिन्यातून डोकावतात:
खवणेकर, लादीवर डाग पडले तर बघा.
बघतो, म्हणतो. खाली पेपर अंथरलाय,
पेपरवर घमेलं, घमेल्यात रॉकेल.
हल्ली ते कुठून मिळतं, विचारू नये.

आठ नंबरचा पाना. दोन बोल्ट.
सीट निघते, मग कुशीतलं झाकण,
मग आत हात घालायचा सुईणीसारखा,
न बघता, बोटांनी ओळखत.
बाहेर येतो तो फोमचा गोळा,
महिन्यापूर्वी पोपटी होता.
लगेच इंजिनाच्या नरड्यात चिंधी कोंबायची.
हे सुरंगीनं शिकवलं.
"बाबा, त्याचं तोंड उघडं टाकून गप्पा मारत बसू नकोस."

एकतीस वर्षं मी भांडुपच्या पाणी शुद्धीकरणात काढली.
पावसाळ्यात तलावांतून नुसता गेरू यायचा.
वाळूचे थर तुंबले की उलटं पाणी सोडायचं,
खालून वर, आणि साचलेला गाळ
उकळी फुटल्यासारखा उठायचा.
नवी पोरं नाक मुरडायची.
त्यांना म्हणायचो, मळलाय म्हणजे राबलाय.
कोरा फिल्टर काय कामाचा,
पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या टॉवेलसारखा.

पहिल्या दाबात करडा रंग सुटतो,
तो एलबीएस रोडचा, मेट्रोच्या खांबांचा.
मग पांढुरकी भुकटी:
खाडीपलीकडची बंद खाण, तिथे ती सराव करते.
शेवटी थोडी तांबडी माती.
ही कुठली, मला माहीत नाही.
विचारलं तर म्हणेल, गेले होते एकदा.

मग साबणाचं कोमट पाणी, तीनदा.
पिळायचं नाही. दाबायचं,
भिजल्या पोह्यांतलं पाणी काढतात तसं, दोन तळव्यांत.
पिळला की फाटतो,
पटकन दिसणार नाही असा, शिवणीपाशी.

आधीचा फिल्टर मी पिळला होता.
टीव्हीवर मॅच होती, मनगटाला जुनी सवय,
चादर पिळावी तसा दिला एक पीळ.
तिसऱ्या फेरीत गाडी धापा टाकत बसली.
मी तिथे नव्हतो.
तिचं कॉलरबोन मोडल्यापासून मी शर्यतीला जात नाही.
फोन आला: आत धूळ गेलीय, पिस्टनवर ओरखडे,
बावीस हजार सांगतोय.
हल्ली माल कसला देतात, मी म्हटलं.
ती म्हणाली, असेल.

शनिवारभर फिल्टर सावलीत,
बाल्कनीत, तिच्या मोज्यांशेजारी.
रात्री तेल. निळं, मधासारखं चिकट.
कणीक तिंबावी तसं मुरवायचं,
कुठेही पोपटी डोळा दिसता कामा नये.
कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं.

ग्रीसचा डबा काढताना
हत्यारांच्या पेटीच्या तळाशी तो जुना सापडला.
धुतलेला, वाळलेला, प्लास्टिकच्या पिशवीत.
शिवणीपाशी बोटभर चीर,
आणि चिरेभोवती बॉलपेननं
काढलेला एक नीट गोल.

किती वेळ हातात धरून बसलो, कळलं नाही.
मग होता तसा पिशवीत, होता तिथे ठेवला.
नवा बसवला. कडा चारी बाजूंनी दाबून पाहिल्या,
पुन्हा पाहिल्या.
बोल्ट आवळत होतो तोवर ती खाली आली,
ओले केस, हातात माझी औषधाची गोळी.
"उद्या किती वाजता निघता?" मी विचारलं.
"साडेचार. का?"
"नाही, डबा किती माणसांचा करायचा ते ठरवतोय."
ती पेटीकडे बघत होती की माझ्याकडे,
पार्किंगच्या त्या एका ट्यूबलाइटमध्ये सांगता येईना.
"चिंधी काढलीस ना, बाबा?"

मी खिशातून काढून दाखवली.