घाई करायची नाही

टँकरनं धडक दिली तेव्हा रात्रीचे दोन.
अडीचला फोन: चितळ आहे, नर,
लंगडत वर गेलंय, फिल्मसिटीच्या मागच्या चढावर.
नाझनीन मॅडम जीपमधून उतरल्या त्या पळतच,
हातात औषधांची पेटी, कपाळाला बॅटरी.
म्हटलं, मॅडम, बसा.
दगडावर बसा, नाहीतर बॉनेटवर.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या,
मग हुंगीकडे,
ती आधीच बसली होती.

रगत बोटावर घेऊन बघितलं.
गुलाबी फेस असेल तर फुप्फुस, लांब जात नाही.
काळपट, त्यात हिरवं, आंबूस वास: पोट फुटलंय,
मग सकाळपर्यंत जागचं हलायचं नाही.
हे साधं तांबडं होतं, मांडीचं.
एक तास, म्हटलं.
मागं कुणी नसलं की जनावर आडोसा बघून बसतं,
बसलं की पाय आखडतात,
उठायचं मन होत नाही.
मागं कुणी लागलं तर मात्र
मरेपर्यंत पळतं.

हे मला बानं शिकवलं नाही. बा शिकवायचा नाही.
मरोळच्या इनासबाबांकडे परवान्याची बंदूक होती,
नेम दारूच्या हातात.
रविवारी मिसा आटोपून यायचे,
सांबर अर्धंमुर्धं पाडायचे, ते कारवीत नाहीसं,
मग पाड्यावर निरोप: काकड्याला बोलवा, कुत्री घेऊन ये म्हणावं.
बा जायचा आणि विडी पेटवायचा.
ती संपेपर्यंत इनासबाबा शिव्या द्यायचे.
मग बा दुसरी पेटवायचा.
त्या कुत्रीचं नावही हुंगी.
आमच्यात नाव बदलत नाही, कुत्री बदलते.

साडेतीनला दोरी ढिली सोडली.
नाक खाली, शेपूट सरळ,
घाणेरीतून, कारवीतून,
फुटक्या पाइपाखालून, तिथं मला रांगावं लागलं
आणि मॅडमची बाही तारेला फाटली.
पानावर एक थेंब.
मग चाळीस पावलं काहीच नाही.
मग दगडाला घासलेलं, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर.

पुढं गाव लागलं.
प्लायवूडचं गाव: वृंदावन थर्माकोलचं,
विहीर वीतभर खोल.
आणि अंगणात रगतच रगत.
मॅडमच्या कपाळावरचा उजेड थरथरला.
"एवढं गेलंय?"
हुंगीनं ते ओलांडलं, साधं नाकही न लावता.
मी बोट लावून चाटलं. साखरेचा पाक आणि रंग.
दुपारी इथं कुणीतरी मेलं असेल,
संध्याकाळी चहा पिऊन घरी गेलं असेल.

चितळ शाळेत होतं.
तीनच भिंती, फळ्यावर तारीख बेचाळीस सालची,
चौथ्या भिंतीच्या जागी काळोख.
पुढचे पाय दुमडलेले, मान ताठ, दोन्ही कान आमच्याकडे.
उठलं नाही.
इथंच, अगदी एवढ्या अंतरावर,
बा बाजूला व्हायचा आणि बंदूक पुढं यायची.
मी बाजूला झालो. पायांना सवय आहे.
मॅडमनी नळी तोंडाला लावली, फुंकली.
फुस्स. एवढाच आवाज.
मान हळूहळू खाली आली, शिंगं फळ्याला टेकली,
तारखेवरून एक पांढरा ओरखडा.

हुंगी माझ्या पायाशी येऊन बसली, तोंड वर.
तिच्या खापरपणजीला या वेळी कलेजीचा तुकडा मिळायचा,
वाफाळता, पहिला, इनासबाबांच्याही आधी.
हिनं तो कधी चाखलेला नाही.
तरी वाट बघते.
मी खिशातून सुक्या बोंबलाचं शेपूट काढलं.
तिनं हुंगलं. चितळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
आणि घेतलं,
मी रोजंदारी घेतो तसं,
खाली बघून.

स्ट्रेचर जीपमध्ये चढवलं तेव्हा उजाडत होतं.
मॅडम म्हणाल्या, वाचेल बहुतेक.
बा असता तर त्यानं विडी पेटवली असती.