कुणाच्या हातची गाठ

मेंढीच्या रक्ताच्या थाळीत
दुसऱ्या सकाळी उमटते हिरवट कड,
चिऱ्यावरच्या शेवाळासारखी.
वसाहती बारक्या, मध्ये खोलगट.
मिरकरवाड्याचा अख्खा खोकला
माझ्या टेबलावर, अठरा थाळ्यांत.
नाव सगळ्यांचं एकच निघालं.
रजिस्टरात पहिलं लिहिलं,
खाली नुसती टिंबं देत गेले.

"त्या टेकबहादूरने आणलान,"
सलमा मजगावकर म्हणाली.
कडेवर अडीच वर्षांचा पोर,
श्वासागणिक बरगड्यांत खड्डा.
धक्क्यावरही तेच बोलणं.
तांडेलाने त्याला बोटीवरून उतरवला,
नऊ दिवसांचा हिशेब हातावर ठेवला.

नमुने बर्फात पुण्याला गेले.
दीड महिन्याने आल्या
अठरा पोथ्या,
एकेकीत वीस लाखांवर अक्षरं,
आणि मुळाक्षरं चारच.
मासळी निवडायला बसावं
तशी मी वाचायला बसले.

एका नावाखाली अकरा घराणी!
हे जीव मेलेल्या शेजाऱ्याचा धागा उचलतात,
स्वतःत गोवून घेतात.
औषधाला न जुमानणारा तुकडा
असाच या अंगातून त्या अंगात गेलेला,
लग्नात मागून आणलेल्या दागिन्यासारखा,
परत न केलेला.

सलमाच्या पोराचा जंतू
तांडेलाच्या जंतूहून सहा अक्षरांनी वेगळा.
सहाच.
टेकबहादूरचा कुठला लांबचा,
आणि त्याच्यातही एक पट्टा इथला,
इथे आल्यावर लागलेला.
म्हणजे देणारे आपण.

संध्याकाळी जेटीवर
अब्बास होडेकर जाळं सांधत होते.
गाठ बघून हात ओळखतात.
ही माझी. ही सासऱ्याची.
ही कुणा वेरावळवाल्याची असेल, घट्ट मारलीन.
"मग जाळं कुणाचं, चाचा?"
ते हसले, हसता हसता खोकले,
सुई दातात धरून म्हणाले,
"मासा गावला त्याचं."

तांडेलाला कागद वाचून दाखवला.
त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं,
चष्मा पुसला.
"बरं. मग आता औषध कुठलं द्यायचं?"
प्रश्न बरोबर होता.
मी औषध लिहून दिलं.

टेकबहादूरचा फोन लागत नाही.
उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये
कुपी क्रमांक नऊ.
माझ्याच अक्षरातली चिठ्ठी, कडेने बर्फ धरलेली:
वय अंदाजे बावीस.
पत्ता: बोट.